अणूंची शिरगणती : आचार्य सत्येंद्रनाथ बोस

सायंकाळीं सहाच्या सुमारास दादर स्थानकाच्या पुलावर जो उभा राहिला असेल त्यास गर्दी म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. पश्चिम व मध्य अशा दोन्ही मार्गांवरील उतारू तेथें एकमेकांत मिसळतात, आणि दुरून पाहणारास तो माणसांचा एकच लोंढा वाटतो. तथापि त्या लोंढ्यांतील प्रत्येक माणूस निराळा असतो. कोणाच्या हातीं फुलांची पुडी असते, कोणी शिकवणीहून परतणारा विद्यार्थी असतो, कोणी कुर्ल्याची गाडी चुकली म्हणून हळहळत असतो. शिरगणतीचा कारकून कितीही दमला तरी त्याला एक सोय असते. आपण मोजलेला गोविंद हा गोपाळ नव्हे, हें त्याला पक्कें ठाऊक असतें. आतां अशी कल्पना करावी कीं, पुलावरील सर्व माणसें चेहऱ्यानें, पोषाखानें, हरएक बाबतींत अगदीं एकसारखीं आहेत. इतकीं कीं, दोघांनीं आपसांत जागा बदलली तरी जगांत कांहीं बदललें असें म्हणतां येऊं नये. मग त्यांची मोजणी कोणत्या नियमानें करावयाची? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु १९२४ सालीं डाक्का येथील एका तीस वर्षांच्या अध्यापकानें त्याचें जें उत्तर दिलें, त्यावरून निसर्गांतील कणांच्या एका संपूर्ण जातीला त्या अध्यापकाचें नांव पडलें. त्या आचार्य सत्येंद्रनाथ बोस यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करण्याचें येथें योजिलें आहे.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजीं कलकत्ता येथें झाला. वडील सुरेंद्रनाथ हे ईस्ट इंडियन रेल्वेंत नोकरीस होते. मातोश्रींचें नांव आमोदिनीदेवी. सात भावंडांत हा एकुलता एक मुलगा व तोच सर्वांत वडील. पाठीवर सहा बहिणी. वडिलांस गणिताची गोडी होती. सकाळीं कामावर जाण्यापूर्वीं ते घरांतील जमिनीवर गणितें लिहून ठेवीत, आणि ते परत येईतों मुलानें तीं सोडवून ठेवावींत असा शिरस्ता होता, असें सांगतात. मुलाची दृष्टि लहानपणापासूनच अधू होती. पुढें ज्यानें कोणासही न दिसणाऱ्या वस्तूंच्या मोजणीचा नियम घालून दिला त्याचे स्वतःचे डोळे असे असावेत, हा योगायोग मनाला चटका लावतो.

हिंदु स्कूल या प्रसिद्ध विद्यालयांत असतां तेथील गणिताचे शिक्षक उपेंद्रलाल बक्षी यांनीं एका परीक्षेंत या विद्यार्थ्यास शंभरांपैकीं एकशें दहा गुण दिले. मुलानें एकही प्रश्न न गाळतां सर्व सोडविले होते, आणि कित्येक तर एकाहून अधिक रीतींनीं सोडविले होते, असें त्याचें कारण देतात. (हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या शिक्षकांकडे असल्या हिशेबाची मागणी करूं नये, एवढीच विनंति आहे.) १९०९ सालीं ते प्रेसिडेन्सी कॉलेजांत दाखल झाले. तेथें जगदीशचंद्र बोस व प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरु लाभले, आणि सहाध्यायांत डाक्का जिल्ह्यांतील एका गरीब घरचा अत्यंत बुद्धिमान मुलगा होता. त्याचें नांव मेघनाद साहा. १९१५ सालच्या एम्. एस्सी. परीक्षेंत सत्येंद्रनाथ पहिले आले व साहा दुसरे. दोघांत स्पर्धा होती, पण तिनें मैत्रींत कधीं विष कालविलें नाहीं.

तो काळ पहिल्या महायुद्धाचा होता. पदार्थविज्ञानांत जर्मनींत मोठी उलथापालथ चालली होती, आणि तिकडील ग्रंथ व नियतकालिकें हिंदुस्थानांत दुर्मिळ झालीं होतीं. सर आशुतोष मुकर्जी यांनीं कलकत्त्यास विज्ञानाचें नवें महाविद्यालय काढून या तरुणांस अध्यापक नेमलें खरें. पण जें शिकवावयाचें तें प्रथम आपणच कोठून तरी मिळवावें अशी स्थिति होती. सत्येंद्रनाथ व साहा यांनीं जर्मन भाषा शिकून घेतली. शिबपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतील ब्रूल नांवाच्या युरोपीय अध्यापकांच्या खाजगी संग्रहांतून कांहीं ग्रंथ उसने मिळाले. या धडपडीचें पहिलें दृश्य फळ म्हणजे आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचें इंग्रजी भाषांतर. तें कलकत्ता विद्यापीठानें १९२० सालीं प्रसिद्ध केलें, आणि त्या विषयाच्या सर्वांत आरंभींच्या इंग्रजी भाषांतरांत त्याची गणना होते.

१९२१ सालीं डाक्का येथें नवें विद्यापीठ निघालें व सत्येंद्रनाथ तेथें पदार्थविज्ञानाचे रीडर झाले. (डाक्का म्हणजे आजच्या बांगला देशाची राजधानी ढाका.) वर्गांत शिकवितांना त्यांना एक अडचण सारखी टोंचीत असे. लोहाराच्या भट्टींतील लोखंड प्रथम लाल, मग नारिंगी, मग पांढरें दिसूं लागतें, हें सर्वांनीं पाहिलें आहे. तापलेल्या वस्तूंतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती निघेल याचें सूत्र मॅक्स प्लांक यांनीं १९०० सालीं दिलें होतें, व तें प्रयोगाशीं तंतोतंत जुळत होतें. मात्र तें सिद्ध करण्याची रीत सदोष होती. अर्धी सिद्धता प्रकाश ही लाट आहे असें धरून चाले, आणि उरलेली अर्धी शक्तीचे सुटे पुडके आहेत असें धरून. दोन परस्परविरोधी गृहीतें एकाच गाड्यास जुंपलेलीं. गाडा चाले, पण कां चालतो हें कोणी सांगूं शकत नसे. १९२४ च्या प्रारंभीं साहा डाक्क्यास आले असतां दोघां मित्रांची यावर चर्चा झाली, आणि साहांनीं युरोपांतील नव्या निबंधांकडे त्यांचें लक्ष वेधलें. त्यानंतर सत्येंद्रनाथांनीं जें केलें तें असें : लाटेची भाषा त्यांनीं सर्वस्वीं सोडून दिली, प्रकाश हा केवळ कणांचा समुदाय आहे असें मानलें, आणि हे कण वेगवेगळ्या कोठड्यांत किती प्रकारांनीं वांटले जाऊं शकतात एवढेंच मोजलें. प्लांकचें सूत्र आपोआप बाहेर पडलें. सारा निबंध छापील चार पृष्ठांचा.

या मोजणींतच सारें मर्म आहे, म्हणून तेथें क्षणभर थांबलें पाहिजे. समजा, गोविंद व गोपाळ या दोन मुलांस ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन तुकड्यांत बसवावयाचें आहे. दोघेही ‘अ’ मध्यें, दोघेही ‘ब’ मध्यें, गोविंद ‘अ’ मध्यें व गोपाळ ‘ब’ मध्यें, किंवा याच्या उलट, असे चार प्रकार होतात. त्यांपैकीं दोन प्रकारांत मुलें एकत्र सांपडतात. म्हणजे एकत्र असण्याचा संभव निम्मा. आतां मुलांऐवजीं दोन रुपये घ्यावेत, आणि तुकड्यांऐवजीं पोस्टाच्या बचत बँकेंतील दोन खातीं. पहिल्या खात्यांत दोन रुपये, दुसऱ्या खात्यांत दोन रुपये, किंवा प्रत्येकांत एकेक, प्रकार तीनच. खात्यावर जमा झालेल्या रुपयास नांव नसतें, त्यामुळें हा रुपया इकडे व तो तिकडे असा भेद करावयास जागाच उरत नाहीं. हे तीन प्रकार सारख्याच संभवाचे मानले म्हणजे दोन्ही रुपये एकत्र सांपडण्याचा संभव निम्म्यावरून दोनतृतीयांशावर जातो. प्रकाशाचे कण मुलांप्रमाणें न मोजतां रुपयांप्रमाणें मोजावे लागतात, हें सत्येंद्रनाथांच्या निबंधांत गर्भित होतें. त्याचा परिणाम विलक्षण आहे. अशा कणांत एकमेकांविषयीं कसलेंही आकर्षण नसलें तरी ते घोळक्यानें राहूं पाहतात, आणि तेंही केवळ ते अगदीं एकसारखे आहेत म्हणून.

सत्येंद्रनाथांनीं हा नियम डोळसपणें हुडकून काढला असें मात्र म्हणतां येत नाहीं. आपण कांहीं अगदीं नवें केलें आहे याची त्या वेळीं आपणांस जाणीवच नव्हती, असें त्यांनीं पुढें स्वतः मोकळेपणानें कबूल केलें. निबंधांत या नव्या मोजणीचें समर्थन नाहीं. मोजणी तेवढी आहे. कांहीं टीकाकारांनीं यास सुदैवी चूक म्हटलें आहे. आमच्या मतें तें अन्यायाचें आहे. उत्तर बरोबर आलें म्हणून रीत तपासून न पाहणारे पुष्कळ असतात. पण ज्या रीतीनें शिकवितांना आपल्याच मनाचें समाधान होत नाहीं ती वर्गांत सांगावयाची नाहीं असा ज्याचा आग्रह होता, त्याच्याच हातून ही ‘चूक’ घडली, हें विसरतां कामा नये.

निबंध त्यांनीं प्रथम इंग्लंडांतील ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या प्रतिष्ठित नियतकालिकाकडे धाडला होता. तेथें त्याचें चीज झालें नाहीं. तेव्हां ४ जून १९२४ रोजीं त्यांनीं थेट बर्लिन येथें आइन्स्टाइन यांस पत्र लिहिलें, सोबत निबंध जोडला, आणि आपणांस पुरेसें जर्मन येत नसल्यामुळें तो छापण्यायोग्य वाटल्यास त्याचें भाषांतर करवून प्रसिद्ध करण्याची व्यवस्था व्हावी अशी विनंति केली. आपण सर्वस्वीं अपरिचित असलों तरी आपल्या ग्रंथांच्या द्वारें आम्ही सारे आपले शिष्यच आहोंत, अशा आशयाचा मजकूर त्यांत होता. जगांतील सर्वांत प्रसिद्ध शास्त्रज्ञास परतंत्र देशांतील एका कोपऱ्यांतून असें पत्र लिहावयास किती धैर्य लागलें असेल, याचा विचार आजच्या विद्यार्थ्यानें करून पाहावा. आइन्स्टाइन यांनीं निबंध वाचला, स्वतः त्याचें जर्मन भाषांतर केलें, आणि ही महत्त्वाची प्रगति आहे अशा अभिप्रायाची टीप जोडून ‘झाइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’ या नियतकालिकांत तो छापविला. सत्येंद्रनाथांस त्यांनीं एक पोस्टकार्डही लिहिलें. त्या कार्डाचा गुण असा कीं, युरोपांत जाण्यासाठीं दोन वर्षांची रजा देण्यास विद्यापीठ जें अळंटळं करीत होतें तें तत्काळ थांबलें, आणि जर्मन वकिलातीनें परवान्याची फीही घेतली नाहीं, असें सांगतात.

आइन्स्टाइन मात्र तेथेंच थांबले नाहींत. जी मोजणी प्रकाशाच्या कणांस लागू पडते ती द्रव्याच्या अणूंसही कां लागूं नये, असा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला, आणि १९२४ व १९२५ सालांतील आपल्या निबंधांत एक अद्भुत निष्कर्ष काढला. अशा अणूंचा वायु पुरेसा थंड केला तर एका मर्यादेखालीं त्यांतील अणु एकामागून एक सर्वांत खालच्या, सर्वांत शांत अशा एकाच अवस्थेंत जमूं लागतील. वाफेचें पाणी व्हावें तसें हें द्रवण नव्हे. येथें अणु एकमेकांस चिकटत नाहींत, तर आपलें निराळेपण सोडून देतात. त्यावेळीं हा निष्कर्ष बहुतेकांस कागदावरची गंमत वाटली. त्याचें पुढें काय झालें तें ओघानें येईलच.

सत्येंद्रनाथ १९२४ च्या शरदऋतूंत युरोपास निघाले. पॅरिस येथें ते सुमारें एक वर्ष राहिले. मादाम क्यूरी यांच्या प्रयोगशाळेंत काम करावें म्हणून ते त्यांस भेटावयास गेले, तेव्हांची हकीकत मजेची आहे. बाईंनीं पूर्वीं कोणा हिंदी विद्यार्थ्याच्या बाबतींत भाषेची अडचण पाहिली होती. म्हणून आधीं कांहीं महिने फ्रेंच भाषा शिकून यावें असा उपदेश त्यांनीं प्रेमळपणें पण एकसारखा इंग्रजींतून केला. सत्येंद्रनाथांस फ्रेंच उत्तम येत होतें. पण तें सांगावयास मध्यें फटच सांपडली नाहीं, आणि ते नमस्कार करून परत आले. पुढें मोरिस द ब्रॉय यांच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं क्ष-किरणांचें काम शिकून घेतलें. १९२५ सालीं बर्लिनला जाऊन ते आइन्स्टाइन यांस भेटले. भेटी पुष्कळ झाल्या, स्नेहही जडला; परंतु दोघांनीं मिळून कांहीं संशोधन केलें असें झालें नाहीं. सत्येंद्रनाथांचा दुसरा निबंध आइन्स्टाइन यांस पटला नव्हता, व तसें त्यांनीं छापील टिपणांत स्पष्ट नमूद केलें होतें.

१९२६ सालीं ते डाक्क्यास परत आले तेव्हां त्यांच्याजवळ डॉक्टरची पदवी नव्हती. प्राध्यापकाच्या जागेसाठीं मित्रांच्या सांगण्यावरून त्यांनीं आइन्स्टाइन यांचें शिफारसपत्र आणविलें. ज्याच्या नांवानें युरोपांत संख्याशास्त्राची नवी शाखा ओळखली जाऊं लागली होती त्याला एका जागेसाठीं शिफारस लागावी याचें बर्लिनकरांस नवल वाटलें तर तें स्वाभाविकच होय. तरीही जागा प्रथम दुसऱ्या एका विद्वानास, देबेंद्रमोहन बोस यांस, देऊं करण्यांत आली. त्यांनीं ती घेतली नाहीं, म्हणून ती सत्येंद्रनाथांकडे आली.

पुढील जवळजवळ वीस वर्षें त्यांनीं डाक्क्यास काढलीं. विद्यार्थ्यांसाठीं दार सदैव उघडें. प्रयोगशाळेंतील उपकरणें स्वतःच्या देखरेखीखालीं तयार करवून घ्यावयाचीं. फावल्या वेळीं इसराज वाजवावयाचा. रसायन, भूगर्भ, भाषाशास्त्र, कशांतही त्यांचें मन रमे. रवींद्रनाथ ठाकुरांनीं १९३७ सालीं ‘विश्वपरिचय’ हा विज्ञानावरील आपला बंगाली ग्रंथ त्यांस अर्पण केला, यावरून त्यांच्याविषयींचा आदर दिसून येतो. परंतु पहिल्या निबंधाच्या तोडीचें कार्य त्यांच्या हातून पुन्हां झालें नाहीं, आणि त्यांनीं प्रसिद्ध केलेले निबंधही थोडेच. हा आळस होय असा आक्षेप त्यांच्या हयातींतच घेतला जाई. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. सोडविलेलें गणित लिहून छापावयास पाठविण्यापेक्षां समोरच्या विद्यार्थ्याचें गणित सोडविण्यांत त्यांस अधिक गोडी वाटे. याला दोष म्हणावें कीं गुण, हें त्यांच्या विद्यार्थ्यांसच विचारलें पाहिजे.

१९४५ सालीं ते कलकत्त्यास परतले व १९५६ पर्यंत तेथें प्राध्यापक होते. १९४८ सालीं त्यांनीं ‘बंगीय विज्ञान परिषद’ स्थापन केली व ‘ज्ञान ओ विज्ञान’ हें बंगाली मासिक सुरू केलें. उच्च विज्ञान मातृभाषेंत शिकवितां येत नाहीं असें म्हणणाऱ्यास एक तर भाषा येत नसावी किंवा विज्ञान येत नसावें, अशी त्यांची धारणा होती. १९६२ सालीं जपानांत गेले असतां तेथील विद्वान् अत्यंत गहन विषयांची चर्चा आपल्याच भाषेंत करतात हें पाहून ती अधिकच दृढ झाली. आपल्या महाराष्ट्रांतही १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ मासिकानें हेंच व्रत घेतलें होतें, आणि १९६६ सालीं मुंबईंत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. तिचें विज्ञान भवन दादरपासून फारसें दूर नाहीं, शीव-चुनाभट्टीस आहे.

मानसन्मान आले ते उशिरां आले. १९५४ सालीं पद्मविभूषण. १९५८ सालीं, म्हणजे वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, लंडनच्या रॉयल सोसायटीचें सदस्यत्व. १९५९ सालीं राष्ट्रीय प्राध्यापकपद. नोबेल पारितोषिक मिळालें नाहीं. इंग्लंडांतील थोर शास्त्रज्ञ डिरॅक यांनीं मात्र त्यांच्या पद्धतीनें मोजावे लागणाऱ्या सर्व कणांस ‘बोसॉन’ हें नांव दिलें, आणि तें जगानें स्वीकारलें. हे डिरॅक सपत्नीक कलकत्त्यास आले असतांची एक आख्यायिका सांगतात. सत्येंद्रनाथांनीं पाहुण्यांस मोटारींत मागच्या बाजूस बसविलें, आणि पुढें चालकाशेजारीं स्वतः बसून आणखी कांहीं विद्यार्थ्यांस आंत घेतलें. दाटी होत नाहीं काय असें डिरॅक यांनीं विचारतांच, आमचा बोस-संख्याशास्त्रावर विश्वास आहे, असें त्यांनीं हंसत उत्तर दिलें. दादरहून सकाळच्या गाडीनें जाणाऱ्या आमच्या पालकांस या विनोदाचें स्पष्टीकरण नको.

जानेवारी १९७४ मध्यें त्यांचा ऐंशीवा वाढदिवस व निबंधाचा सुवर्णमहोत्सव कलकत्त्यास थाटानें साजरा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ४ फेब्रुवारी १९७४ रोजीं, त्यांचें देहावसान झालें. आइन्स्टाइन यांनीं भाकित केलेला तो शांत वायु तोंपर्यंत कोणीही तयार करूं शकलेलें नव्हतें.

अडचण थंडीची होती. उणें २७३ अंशांच्या किंचित् वर, एका अंशाच्या दशलक्षांश भागाहूनही जवळ पोहोंचल्यावांचून विरळ वायूचे अणु आपलें निराळेपण सोडीत नाहींत. लेसर किरणांच्या माऱ्यानें अणूंचा वेग मंदावण्याची युक्ति पुढें निघाली. उरलेलें काम, बशींत ओतलेला चहा जसा निवतो, त्या रीतीनें साधलें. सर्वांत ऊन अणूंस बाहेर निसटूं द्यावयाचें, म्हणजे मागें राहिलेले अधिकाधिक थंड होत जातात. जून १९९५ मध्यें अमेरिकेंतील बोल्डर येथें एरिक कॉर्नेल व कार्ल वीमन यांनीं रुबिडियम धातूचे सुमारें दोन हजार अणु अशा रीतीनें एका अवस्थेंत आणले. त्याच वर्षीं वोल्फगांग केटर्ली यांनीं सोडियमच्या अणूंनीं तेंच साधलें. २००१ सालचें नोबेल पारितोषिक या तिघांस मिळालें. पुढल्या दशकांत आपल्या मुंबईंतही, होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, कुलाब्याच्या समुद्रकांठीं, लेसरच्या सापळ्यांत धरलेले रुबिडियमचे अणु या अवस्थेपर्यंत थंड करण्यांत आले.

परंतु या सर्व प्रयोगांत अणूंचा ढग पाहिला जाई. ढगाची छाया टिपली जाई. पुलावरच्या गर्दीचें दुरून छायाचित्र घ्यावें तसें तें होतें. सत्येंद्रनाथांचा नियम मूळ मोजणीचा. तेव्हां खरी कसोटी म्हणजे अणु एकेक करून मोजणें. तें काम २००५ सालीं स्वित्झर्लंडांतील झुरिक येथें, ज्या संस्थेंत आइन्स्टाइन विद्यार्थी होते त्याच संस्थेंत, थॉमस एसलिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलें.

त्यांचें साधन समजण्यास केस कापण्याच्या दुकानांत गेलें तरी पुरे. तेथें समोरासमोर आरसे लावलेले असतात, व खुर्चीवर बसलेल्या मुलास आपलींच डोकीं एकामागें एक रांगेनें दिसतात. तीं दूर जातां जातां अंधुक होतात, कारण प्रत्येक वेळीं कांहीं प्रकाश आरसा गिळून टाकतो. झुरिकच्या शास्त्रज्ञांनीं असेच दोन आरसे समोरासमोर बसविले. त्यांतील अंतर एका मिलिमीटरच्या पांचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि चकाकी अशी कीं, आंत शिरलेला प्रकाश सुमारें लाख वेळां जा-ये केल्यावांचून बाहेर पडत नाहीं. वाद्याची तार जशी एकाच सुराला लागते, तशी ही आरशांमधील पोकळी प्रकाशाच्या ठराविक सुरांनाच लागते. तो सूर जुळला कीं लेसरचा क्षीण किरण पलीकडे पार होतो व तेथें त्याचे कण मोजले जातात. आतां या पोकळींत एक अणु पडला तर काय होईल? एकदां भेटून एकटा अणु प्रकाशाचें फारसें कांहीं बिघडवूं शकत नाहीं. येथें मात्र तोच प्रकाश त्याला लाखदां भेटतो. इसराजाच्या तारेवर बोट टेकलें म्हणजे सूर बदलावा तसा पोकळीचा सूर बदलतो, आणि पलीकडे येणारा प्रकाश क्षणभर मंदावतो. प्रकाश मंदावला कीं एक अणु गेला असें समजावयाचें.

थंड अणूंचा ढग पोकळीच्या वर सुमारें ३६ मिलिमीटर उंचीवर अधांतरी धरलेला होता. त्यांतून मायक्रोवेव्ह लहरींच्या साहाय्यानें अणूंची अतिशय बारीक धार खालीं सोडली. पडावयास त्यांस सेकंदाचा अकराबारावा भाग लागे, आणि आरशांमधून जावयास सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी वेळ. धारेंतील सर्व अणु नोंदले गेले नाहींत. सुमारें चौथा हिस्साच नोंदला गेला. पण प्रत्येक नोंद एकेका अणूची होती, आणि एका अणूनंतर दुसरा किती वेळानें आला हें त्यावरून मांडतां आलें.

निकाल दोन प्रकारचा आला. ढगांतून सरळ घेतलेल्या धारेंत घोळके मुळींच दिसले नाहींत. पत्र्यावर संततधार पडणाऱ्या पावसाच्या थेंबांप्रमाणें अणु आपापल्या वेळीं, एकमेकांची वाट न पाहतां आले. कारण ते सर्व एकाच अवस्थेंत होते, आणि जेथें कोठडीच एक आहे तेथें घोळका कोणत्या कोठडींत होणार? नंतर शास्त्रज्ञांनीं तीच धार मुद्दाम विस्कळीत केली, ऊन वायूंतून अणु यावेत तशी. आतां एक अणु आला कीं त्याच्या पाठोपाठ दुसरा येण्याचा संभव वाढलेला आढळला. ठराविक काळांत किती वेळां शून्य अणु आले, किती वेळां एक, किती वेळां दोन, याचें कोष्टक त्यांनीं तयार केलें, आणि तें बोस यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वितरणाशीं जुळलें. डाक्क्याहून तें पत्र टपालांत पडल्यास त्या वेळीं एक्याऐंशी वर्षें झालीं होतीं.